बाटलीतला बदाम

माझ्या दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: बाटली रिकामी, धुतलेली आणि कोरडी आणावी. किरगिझमध्ये लिहिलंय, खाली रशियनमध्येही लिहिलंय. तरी लोक काय काय घेऊन येतात ते मला विचारा. कुणाच्या बाटलीत शाम्पूचा फेस, कुणाच्या तळाशी तेल, आणि एक बहाद्दर तर अर्धी प्यायलेली बियर तशीच फसफसत घेऊन आला होता. मी सगळ्यांना सारखंच परत पाठवते. दुकान माझं, जीभही माझीच.

पण बाटलीतून मनुका आणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ऊलकान आपा.

दुकान म्हणजे पाच मजली जुन्या इमारतीच्या तळातली एक खोली. भिंतीला लागून निळी पिंपं, प्रत्येकाला नळ. हात धुवायचा साबण, भांड्यांचा, कपड्यांचा, सगळा पातळ. आपली बाटली आणायची, भरून घ्यायची, वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. बिश्केकमध्ये नवी प्लास्टिकची बाटली विकत न घेता साबण हवा असणारी माणसं थोडीच, आणि त्यातली बरीचशी तरुण. हातात कापडी पिशवी, कानात गाणी, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. मला ते चालायचं. घरी मुलगा, सून, त्यांची जुळी, शिवाय माझी विधवा बहीण. दुकानातली शांतता हाच माझा नफा होता. त्याआधी मी शिवणाच्या कारखान्यात मुकादम होते, त्यामुळे कुणाला दटावायचं कसं ते मला शिकवावं लागलं नाही.

तर वसंतात, समोरच्या पाटाला डोंगरातलं पाणी नुकतंच सोडलं होतं त्या दिवसांत, आपा आत आल्या. बुटक्या, डोक्याला पांढरा रुमाल, अंगात जांभळी मखमली बंडी. टॉवेलात गुंडाळलेली बाटली त्यांनी अशी काही अलगद बाहेर काढली, की मला वाटलं आत तान्हं मूल आहे. मी सवयीने बाटली काट्यावर उपडी धरून झटकली, तर ताटलीत मनुकांचा ढीग.

"आपा, हे काय?"

"मनुका. ओशच्या आहेत. खाऊन बघ, बिया नाहीत."

"बाटली रिकामी आणायची असते. बाहेर लिहिलंय."

"रिकामी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दुसऱ्याच्या दारात रिकामं भांडं घेऊन जाऊ? माझी आई कबरीतून उठून येईल आणि माझे कान उपटेल."

"हे घर नाही, दुकान आहे."

"दार आहे ना?"

मीही इथलीच. शेजारणीची ताटली रिकामी परत द्यायची नाही, हे मलाही चालायला यायच्या आधी कळत होतं. कुणी पुलाव दिला तर त्याच ताटलीतून चार साखरेचे खडे का होईना, पण काहीतरी घालून पाठवायचं. पण ताटली वेगळी आणि साबणाची बाटली वेगळी. मनुकांनी बाटली आतून चिकट झाली होती. ती मला मोरीत नेऊन धुवावी लागली, उलटी ठेवून वाळवावी लागली, आणि तोवर आपा स्टुलावर बसून माझ्या पिंपांची तपासणी करत होत्या.

"हात धुवायचा कुठला?"

"तीन आहेत. हा फुलांच्या वासाचा, हा मधाचा, आणि हा साधा."

"यातला कुठला चावतो?"

"साबण चावतो कधी?"

"चावतो. माझ्या नातीला चावतो." त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला आणि फोटो दाखवला. गोबऱ्या गालांची, पुढचा दात पडलेली मुलगी. "सेझिम. माझ्या तिलेकची मुलगी. ते तिकडे रशियात, ट्यूमेनला राहतात. वासाच्या साबणाने हिचे हात लाल होतात गं, रक्त येईपर्यंत खाजवते. सूनबाई म्हणाली, आई, उन्हाळ्यात येऊ आम्ही, महिनाभर राहू, पण तुमच्याकडचा तो गुलाबी साबण घरात असला तर मी पोरीला आणणार नाही. वास नको, रंग नको. आणि दरवेळी नवी बाटली नको, भरून मिळतो तसला बघा, इथे आम्ही तसलाच आणतो."

"सून हुशार आहे."

"आहेच. पोरीला मी अजून हात लावून पाहिलेलं नाही. फोनवरच मोठी झाली."

हे त्या इतक्या सहज बोलल्या, की मी दुसऱ्याच कामाला लागले.

तिन्ही साबणांचा एकेक थेंब त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावला आणि डोळे मिटून बसल्या. गिऱ्हाईक आलं, गेलं. शेवटी त्यांनी साधा निवडला.

"याला कसलाच वास नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर चांगला."

"हो, पण घरात मूल आलंय हे कळायला काहीतरी वास हवा. असो. आणि हा वाहून कुठे जातो?"

"गटारात. पुढे पाण्यात विरून जातो. झाडांना, माशांना काही करत नाही."

"नक्की? बाहेर पाटाकडेची झाडं या पाण्यावर जगतात." मग त्यांनी मला कोचकोरच्या त्यांच्या गावाचं सांगितलं. त्यांची आई ओढ्यात साबणाचा हात बुडवू द्यायची नाही. पाणी बादलीने लांब न्यायचं, तिथे धुवायचं, आणि धुतलेलं पाणी कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा कोपऱ्यात ओतायचं. "आई सांगायची, ओढा खालच्या गावाचाही आहे. तू म्हणतेस विरतो, तर विरत असेल. तुझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवते."

माझ्या तोंडाकडे बघून आजवर कुणी काही विकत घेतलं नव्हतं. मी मनुका खाल्ल्या. चांगल्या होत्या.

पुढच्या खेपेला बाटलीतून सूर्यफुलाच्या बिया आल्या. त्याच्या पुढच्या खेपेला कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. त्यांचा पांढरा भुगा बाटलीच्या बुडाशी असा बसला, की मी मोरीत उभी राहून मोठ्याने शिव्या दिल्या. बाहेर येऊन म्हटलं, "आपा, एक तर तुम्ही सुधारा, नाहीतर मी दुकान बंद करते."

"मग काय करू? तू सांग."

"रुमालात बांधून आणा काय आणायचं ते."

"भांडं रिकामंच राहिलं ना मग."

बरीच घासाघीस झाली. शेवटी एका बदामावर तडजोड झाली. सोललेला नाही, भाजलेला नाही, कोरडा, एकच बदाम. तो चिकटत नाही, भुगा सांडत नाही. तेव्हापासून आपा येताना बाटलीत बदाम खुळखुळायचा. दार उघडायच्या आधीच मला कळायचं की आल्या. मी तो काढून तोंडात टाकायचे, बाटली भरायचे, आणि त्या स्टुलावर बसायच्या.

बसल्या की बोलायच्या. तरुणपणी त्या ट्रॉलीबसवर कंडक्टर होत्या. "माझा आवाज मागच्या दारापर्यंत जायचा," असं म्हणून त्यांनी एकदा दुकानातच 'पुढे सरका' अशी हाळी दिली. एक विद्यार्थी खरोखरच पुढे सरकला. नवरा, असानअली, क्रेन चालवायचा. वरून खाली बघत असल्यामुळे त्याला सगळे बुटकेच दिसायचे, म्हणून त्याने आपल्याला पसंत केलं, असं त्या सांगायच्या. आणि त्यांच्या जिन्याबद्दल तर किती सांगायच्या. समोरच्या दारात झिनाइदा, तिच्या खारवलेल्या काकड्या. वरती कोरियन कुटुंब, त्यांचं तिखट गाजर. खाली उइगुर म्हातारा, लागमानच्या लांब शेवया स्वतःच्या हाताने ओढणारा. "एक ताटली सकाळी घरातून निघाली की संध्याकाळपर्यंत चार घरांचं खाऊन परत यायची. माझी कुठली, तिची कुठली, हेसुद्धा विसरलो होतो."

"आता?"

"आता भाडेकरू आहेत. चांगली माणसं आहेत. कामाला जातात."

मी एवढं ऐकायचे आणि सोडून द्यायचे. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात होती. अर्ध्या लिटरची बाटली एका माणसाला तीन-चार महिने सहज पुरते. आपा दर पंधरवड्याला हजर. मी धरूनच चालले की घर भरलेलं असणार. मुलगा ट्यूमेनला, पण एखादी मुलगी असेल, तिची पोरं असतील. एकदा म्हटलंही, "तुमच्याकडची पोरं साबण पितात की काय?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हात आहेत, घाण होतातच." मीही हसले. आमच्या जुळ्यांनी टूथपेस्ट भिंतीला फासली होती त्याच आठवड्यात.

उन्हाळा आला. जूनमध्ये आपांनी सांगितलं, महिनाअखेरीस येणार. जुलैमध्ये सांगितलं, तिकिटं मिळेनात. त्यानंतर त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ऑगस्टच्या भर उन्हात त्या लोकरीचे हातमोजे घालून आल्या. बदाम खुळखुळला, पण त्या स्टुलावर बसल्या नाहीत. बाटली काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हा बदलून दे. हा चावतो."

दुकानात दोन मुली होत्या. त्या लगेच नळापासून मागे सरल्या.

"माझा साबण चावत नाही," मी म्हटलं.

आपांनी मोजे काढले. बोटांच्या बेचक्यांत चिरा, पेरांवर साल गेलेली, मनगटापर्यंत लालभडक. कंडक्टरचे ते जाड, दणकट हात भाजल्यासारखे दिसत होते.

"मग हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "माझ्या जून कातड्याचं हे झालं, तर त्या पोरीचं काय होईल? बरं झालं ते आधी आले नाहीत. तू दुसरा दे."

मी दुसरा दिला. लहान बाळांसाठी लोक नेतात तो, सगळ्यात सौम्य. तीन आठवड्यांनी त्या परत दारात. हात आणखी वाईट.

"हासुद्धा चावतो."

आता मात्र माझं डोकं फिरलं. कारखान्यात माझ्या टेबलावरचा शर्ट कधी परत आला नव्हता, आणि इथे माझे दोन साबण एका म्हातारीच्या हातांनी परत येत होते. मी विचारलं, "घरात बाकीच्यांचे हात कसे आहेत?" त्या मोजे चढवू लागल्या. मी म्हटलं, "बोला ना. पोरांचे हात? त्यांना काही होत नाही ना? मग साबणाचा दोष नाही. तुमच्या नळाचं पाणी खराब असेल, नाहीतर तुम्ही आणखी काहीतरी लावता. चला, दाखवा मला कसा वापरता ते."

"आत्ता?"

"आत्ता."

दुकानाला कुलूप घातलं आणि निघाले. त्यांचं घर मागच्याच गल्लीत, चौथ्या मजल्यावर. जिन्यात आपा दर मजल्यावर थांबत होत्या. मला वाटलं धाप लागली. पण त्या दारांकडे बघत होत्या, कुणी उघडतंय का म्हणून. वर पोचलो तर त्यांच्याच दाराच्या कडीला एक प्लास्टिकची पिशवी अडकवलेली. आत त्यांची ताटली होती, लखलखीत धुतलेली. बाकी काही नाही.

"कणकेचे बोरसोक तळले होते, समोर दिले होते," आपा म्हणाल्या आणि पिशवी काढून घेतली. "किती स्वच्छ घासलीय बघ. चांगली मुलं आहेत."

दार उघडलं. उंबऱ्याशी दोनच जोड सपाता. एक आपांच्या झिजलेल्या, आणि एक चिमुकल्या, लाल, नव्याकोऱ्या, अजून दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या.

मी सरळ न्हाणीघरात गेले, पाणी बघायला. बेसिनवर माझ्या साबणाची बाटली. बेसिनखाली लाकडी चौरंग, मुलाचे हात नळापर्यंत पोचावेत म्हणून. खाली लावलेल्या खुंटीवर छोटा टॉवेल, त्यावर मेंढीचं चित्र. नळ सोडून पाणी बघितलं. आमच्याकडे येतं तेच पाणी, डोंगरातलं. त्यात काही वाईट नव्हतं.

बाहेर आले तर आपा तस्त आणि झारी घेऊन उभ्या. जेवणाआधी पाहुण्याच्या हातावर घालतात तसं कोमट पाणी, खांद्यावर टॉवेल.

"आपा, नळ आहे की."

"नळ म्हणजे काय घरधनी आहे? हात पुढे कर."

मी हात पुढे केले. त्यांनी पाणी घातलं. मी हात न झटकता टॉवेलाला पुसले. पाहुण्याने हात झटकायचे नसतात, तेवढी अक्कल मला आहे. मग टेबलाशी बसले. टेबलावर सहा माणसांची मांडणी होती, आणि एकच कप वापरातला.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"कोण बाकीचे?"

"घरातले."

"मी आहे ना."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी म्हटलं, "अहो, मग एवढा साबण जातो कुठे?"

आपा चहा ओतत होत्या. किटली खाली ठेवून त्यांनी रुमालाचं टोक नीट केलं.

"धुते," त्या म्हणाल्या. "उठले की धुते. टीव्ही बघताना मध्येच उठून धुते. भाजी चिरली की, फोन ठेवला की. दुपारी काही नसतं ना, तेव्हा जास्त धुते. बाटली लवकर सरत नाही गं. एका माणसाच्या हातांनी सरतच नाही."

"पण सरायला कशाला हवी?"

"तूच लिहिलंयस ना दारावर. रिकामी आणावी म्हणून."

मी किटली उचलून उरलेला चहा ओतला.

"दूध, भाजी, सगळं आता मुलगाच तिकडून फोनवरून मागवतो," त्या पुढे म्हणाल्या. "पोऱ्या येतो, दाराशी ठेवतो, बेल मारून पळतो. मी दार उघडेपर्यंत जिन्यात नुसती पावलं. तुझ्याकडे मात्र स्वतःला यावं लागतं. तू भांडतेस माझ्याशी. बदामावरून भांडलीस, कुरुतवरून भांडलीस. घरी येऊन मी आठवून आठवून हसते. मला एकटं वाटतं, गुलसुन. फार वाटतं. असानअली गेला तेव्हासुद्धा एवढं वाटलं नव्हतं, तेव्हा रडायला माणसं आली होती."

"आणि सेझिम? ते कधी येणार?"

"नाही येत. जूनमध्येच कळलं. समुद्रावर जायचं ठरलं त्यांचं. पोरीच्या कातडीला खारी हवा चांगली, असं डॉक्टर म्हणाले. खरंच असेल ते."

"मग साबण बदलून कशाला मागत होतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी फार मंद आहे असं वाटल्यासारखं. "पुढच्या वर्षी आली तर?"

चहा झाला. निघताना मला एकाएकी आठवलं की आपांनी माझ्या हातावर पाणी घातलं, पण स्वतःचे हात धुतलेच नाहीत. मी झारी उचलली. त्या नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. त्यांनी ते फुटलेले हात तस्तावर धरले आणि मी हळू धार सोडली, साबण न लावता.

"किती दिवसांनी," त्या म्हणाल्या. "एकटीने हे करता येत नाही बघ. एका हाताने झारी धरावी लागते, मग एकच हात ओला होतो. मी करून पाहिलंय."

मग त्यांनी रिवाजाप्रमाणे तळवे वर करून मला आशीर्वाद दिला, तुझ्या घरातलं एकही भांडं रिकामं न राहो म्हणून. पाणी घालणाऱ्याला आशीर्वाद मिळतोच, त्यात विशेष काही नाही. मी तरी जिन्यात उतरताना रडले. माझ्या हातात बोरसोकांनी भरलेली त्यांची ताटली होती. समोरच्यांनी रिकामी टांगलेली तीच.

दुसऱ्या दिवशी ताटलीत सुनेने केलेले सामसे, म्हणजे भाजलेले समोसे, घालून मी परत गेले. सोबत चरबीचं मलम नेलं, आणि एक बाटली. बोटाएवढी, डोळ्यांत घालायच्या औषधाची असते तसली. आत साधा साबण भरला होता.

"हे काय?"

"तुमची बाटली. यापुढे ही आणायची. रोज धुवायचे तेवढेच हात धुतलेत तरी आठवड्यात संपते."

आपांनी बाटली उजेडात धरली. त्यांचे डोळे बारीक झाले. "माझी कीव करतेस?"

"कीव करायला मला वेळ आहे कुठे? तुमच्या हातांनी माझ्या दुकानाची बदनामी चाललीय. त्या दिवशीच्या दोन मुली परत फिरकल्या नाहीत. हात बरे करा, आणि मग मोजे न घालता येऊन बसा. लोकांना दिसू दे."

त्यांनी बाटलीचं झाकण काढून आत डोकावलं. मग म्हणाल्या, "याचं तोंड फार लहान आहे."

"मग?"

"यात बदाम जायचा नाही."

"नाही गेला तर नाही गेला. रिकामी आणा."

पुढच्या आठवड्यात आल्या. मी कान देऊन होते, पण बदाम वाजला नाही. त्यांनी बाटली काउंटरवर ठेवली. मी झाकण काढून काट्यावर उपडी केली, तर ताटलीत तांदळाचा एक दाणा पडला. उझगेनचा, तांबूस. मी म्हटलं, "आपा, हा मी शिजवू कसा?" त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात दुसरा आणते, तोवर ठेव." दुकानात आलेले विद्यार्थी हसले. आपा स्टुलावर बसल्या.

आता पाटाचं पाणी बंद झालंय, पानं गळताहेत. आपांच्या हातांच्या चिरा भरून आल्यात. दर आठवड्याला येतात, आमचं काही ना काही वाजतंच. त्यांची ताटली माझ्या घरी असते किंवा माझी त्यांच्या घरी. बहीण विचारते, ही ताटली आपली का? मी म्हणते, माहीत नाही.

परवा गेले तेव्हा न्हाणीघरात बघितलं. मोठी बाटली मी मागे एकदा भरून दिली होती, ती बेसिनवर तशीच होती, तोंडापर्यंत भरलेली. शेजारी बोटाएवढी. आपा मोठीला हात लावत नाहीत. ती सेझिमची. चौरंग जागच्या जागी, मेंढीचा टॉवेल धुऊन, इस्त्री करून परत खुंटीवर.

मी निघाले तेव्हा त्यांनी दारात विचारलं, "गुलसुन, साबण न वापरता किती टिकतो गं?"

वर्षभर टिकतो. त्यानंतर तो फाटतो, खाली पाणी आणि वर साय. पिंपावर तसं छापलेलंच आहे.

"टिकतो, आपा," मी म्हटलं. "पोरगी येईपर्यंत टिकतो."

त्यांनी मान हलवली. मी जिना उतरले. वर्ष भरत आलं की एक दिवस त्या चहा ठेवायला आत जातील तेव्हा मी ती बाटली मोरीत ओतणार आणि ताजा साबण भरून ठेवणार. त्याच्या पुढच्या वर्षीही, लागलंच तर. पर्समध्ये घेऊन जाईन, त्यांना कळायचं नाही. आणि वर ताटलीत काहीतरी असेलच, कारण त्या दारात रिकाम्या हाताने जायची मला आता भीती वाटते.